एका रात्रीचा आराखडा

(जासई येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आमच्या भाषणाचा विषय काय ठेवावा, असे चिटणीसांनी विचारले तेव्हा आम्ही ‘ताऱ्यांचा प्रकाश’ असे सांगितले. चिटणीस क्षणभर गप्प राहिले. शिक्षकाने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, व्यसनांचे दुष्परिणाम सांगावेत, फार तर हुंड्यावर दोन शब्द बोलावेत, अशी आपली रीत आहे. ती आम्ही आजवर पाळली. आज मात्र कार्यकारी मंडळापुढे शिक्षणनिधीच्या नियमाचा एक प्रश्न आला आहे आणि त्या प्रश्नाची मुळे ताऱ्यांपर्यंत जातात, म्हणून हे धाडस. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक, जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांची पाढ्यांची घोकंपट्टी घेतलेले. शास्त्रज्ञ म्हणून आम्ही बोलत नाही. जे ओटीवर बसून शिकलो तेवढेच सांगणार आहोत.

आरंभ मिठापासून करू. मीठ आपल्या घराण्यांचे अन्न होते. ज्यांच्या बापजाद्यांनी आगरात पाय भाजून घेतले त्यांस मिठाची थोरवी सांगावयास नको. तथापि या मिठाचा एक गुण आम्हांस साठीच्या वाटेवर असताना समजला. मिठाची चिमूट ज्योतीवर टाकली म्हणजे ज्योत पिवळीधमक होते. तो पिवळा रंग मिठातील सोडियमचा. तो प्रकाश बारीक फटीतून घेऊन लोलकातून पसरविला तर इंद्रधनुष्याचे सात रंग दिसत नाहीत. पिवळ्याच्या जागी एकमेकींस चिकटून उभ्या असलेल्या दोन रेषा तेवढ्या दिसतात. १८५९ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे किर्खहोफ व बुन्सेन या दोघा शास्त्रज्ञांनी हे ताडले की, प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. एकाच्या रेषा दुसऱ्याशी जुळत नाहीत. त्यापूर्वी १८१४ साली फ्राउनहोफर याने सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेषा पाहून मोजून ठेवल्या होत्या, परंतु त्या कशाच्या हे त्यास उमगले नव्हते. त्यांतील एक काळी जोडी नेमकी मिठाच्या पिवळ्या जोडीच्या जागी बसते! म्हणजे जे आपल्या आगरात तेच सूर्यावर. सूर्याच्या बाहेरच्या, त्या मानाने थंड वायूत सोडियम आहे. तो आतून येणारा तेवढाच प्रकाश गिळतो आणि त्या जागी काळी रेघ उरते.

हे आम्हांस शिकविले आमच्या नातीने. चुलत पुतण्याची मुलगी, म्हणून नात. गोष्ट २०१२ सालच्या दिवाळीची. मुलगी पुण्यास पदार्थविज्ञान घेऊन एम. एस्सी. करीत होती. सुट्टीस आली ती जुनी सीडी, चहाचे रिकामे खोके आणि दाढीचे पाते मागत. पात्याने खोक्यास बारीक फट पाडली, आत सीडीचा तुकडा तिरपा बसविला आणि आम्हांस हाताशी धरून रस्त्यावर नेले. त्या काळी बंदराच्या रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते. खोक्यातून पाहतो तो पिवळ्या पट्ट्याच्या मधोमध काळी चीर! दिव्याच्या नळीतील मधली वाफ तापलेली असते, कडेची थोडी थंड असते. कडेची वाफ मधल्या वाफेचा प्रकाश गिळते. सूर्यावर जे घडते तेच घराबाहेरच्या खांबावर घडत होते आणि आम्ही वर्षानुवर्षे त्या खांबाखालून जात होतो. जेथे मिठागरे होती तेथे रस्ता झाला आणि त्या रस्त्यावर मिठातल्याच धातूचे दिवे लागले. यावर काय म्हणावे ते आम्हांस त्या रात्री सुचले नाही, आजही सुचत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात गिरवली नावाचे गाव आहे. पुण्यातील ‘आयुका’ ही संस्था १९८८ साली स्थापन झाली; डॉ. जयंत नारळीकर हे तिचे संस्थापक-संचालक. त्या संस्थेने गिरवलीच्या डोंगरावर दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली व २००६ च्या मे महिन्यात तिचे उद्घाटन झाले. दोन मीटर म्हणजे उंच माणूस आडवा झोपला तरी आरशावर मावेल. त्या दुर्बिणीस ताऱ्याचा प्रकाश पसरवून त्याचा वर्णपट टिपणारे उपकरण जोडलेले होते. नातीच्या मार्गदर्शकांस तेथे काही रात्री मिळाल्या होत्या. त्यांतील एका रात्रीचा, ३० नोव्हेंबरच्या रात्रीचा, संपूर्ण आराखडा या मुलीने करावा व स्वतः तेथे बसून वेध घ्यावेत, असे ठरले होते.

येथे घरात ठिणगी पडली. मुलीच्या वडिलांचे म्हणणे असे की, पोरीची जात, लग्नाची बोलणी चाललेली, आणि रात्रभर डोंगरावर बसावयाचे हे कसले शिक्षण? ते आमच्याकडे आले. आमच्या शब्दास घरात थोडे वजन होते. खरे सांगावयाचे तर आम्ही त्यांचीच री ओढली. ताऱ्यांनी कोणाचे पोट भरले आहे, असेही बोलून गेलो. शिक्षकाच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही. परंतु बोललो हे खरे, ते लपविण्यात अर्थ नाही.

मुलगी चिडली नाही. तिने आम्हांस विचारले, “आजोबा, तुमची आई रात्री खाडीत का जात असे?”

वडीलधाऱ्यांस आठवत असेल. वद्य चतुर्थी-पंचमीस रात्री नऊ-दहाला ओहोटी लागे. आमची आई आणि आळीतल्या दोघी-तिघी कंदील घेऊन चिखलात उतरत, चिंबोऱ्या-निवट्या घेऊन मध्यरात्री परतत. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते, त्यावरून ओहोटीची. हे गणित आईस अक्षरओळख नसताना तोंडपाठ होते. उधाण कधी, भांग कधी, चंद्र किती वाजता वर येईल, कंदिलास तेल किती लागेल, वारा सुटला तर कोणत्या बांधाने परतावयाचे, हे सर्व ती निघण्यापूर्वी ठरवी. तिला रात्री बाहेर जाऊ नको असे म्हणण्याची कोणाची छाती नव्हती, कारण तिने आणले नाही तर सकाळी चूल पेटत नसे. आम्ही निरुत्तर झालो. दुसऱ्या दिवशी मुलीच्या बापास बोलावून शब्द फिरविला. त्यानंतर चार दिवस ओटीवर तिच्या वहीपुढे आम्ही विद्यार्थी होऊन बसलो.

त्या वहीत काय होते ते सविस्तर सांगण्यासारखे आहे.

पहिला प्रश्न चंद्राचा. २८ नोव्हेंबरला कार्तिकी पौर्णिमा, म्हणजे ३० तारखेस वद्य द्वितीया. संधिप्रकाश ओसरतो न ओसरतो तोच चंद्र उगवणार. आम्हांस वाटले, ही रात्र वाया गेली. ती म्हणाली, तसे नाही. अमावास्येच्या काळ्या रात्री अतिमंद दीर्घिका पाहणाऱ्यांस द्याव्या लागतात. तेजस्वी ताऱ्यांचा वर्णपट चांदण्यातही घेता येतो, म्हणून अशा कामास चांदण्या रात्री मिळतात. मात्र निवडलेला तारा चंद्रापासून दूर हवा. खाडीवर जाणारीस उधाणाचा दिवस मोलाचा आणि भांगाचाही काही उपयोग असतोच, तसेच हे.

दुसरा प्रश्न तारे कोणते. आपल्याकडे शर्मिष्ठा म्हणून जो तारकासमूह आहे, इंग्रजी एम अक्षरासारखा, त्यातील मधल्या ताऱ्याचा वर्णपट १८६६ साली रोम येथे सेक्की या धर्मगुरूने पाहिला. बहुतेक ताऱ्यांत हायड्रोजनच्या रेषा काळ्या असतात. या ताऱ्यात त्या उजळ दिसल्या. असे तारे अतिशय वेगाने स्वतःभोवती फिरतात आणि त्यांच्या कमरेभोवती वायूची तबकडी जमते. ती तबकडी चमकते, म्हणून रेषा उजळ. नवल असे की, ही तबकडी कायमची नसते. काही वर्षांत जमते, विरते, पुन्हा जमते. म्हणून आज वेध घ्यावयाचा राहिला तर तो पुढच्या वर्षी घेता येत नाही. पुढच्या वर्षी ताराच निराळा झालेला असतो. शर्मिष्ठेचा तो तारा दोन मीटरच्या दुर्बिणीस फारच तेजस्वी, डोळे दिपविणारा. म्हणून तिने शेजारच्या ययाति समूहातील जोड तारकागुच्छ निवडला. त्यात असे तारे पुष्कळ आहेत. आमच्या लहानपणी हा जोडगुच्छ जासईच्या अंगणातून नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यासारखा दिसत असे. नाव ठाऊक नव्हते, पण दिसत असे.

तिसरा प्रश्न वेळेचा, आणि येथे आमची पाढ्यांची सवय कामास आली. भरती रोज सुमारे पाऊण तासाने मागे पडते. तारा रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतो. तो जोडगुच्छ त्या रात्री सव्वादहाच्या सुमारास सर्वांत उंच, सुमारे ५२ अंशांवर येणार होता. तारा जितका खाली तितकी जास्त हवा त्याच्या प्रकाशास ओलांडावी लागते. ३० अंशांवर असेल तर डोक्यावरच्या हवेच्या दुप्पट. हवा निळा प्रकाश अधिक खाते. यास्तव महत्त्वाचे तारे सव्वादहाच्या अलीकडे-पलीकडे दीड-दीड तासात बसवावयाचे, मावळतीकडे झुकणारे त्याआधी उरकावयाचे, उगवतीचे मागाहून. सूर्यास्त सहाच्या सुमारास. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जाईपर्यंत संधिप्रकाश राहतो, त्यास सव्वा तास. तो वेळही फुकट नाही. त्या अवधीत दुर्बीण नीट रोखली आहे की नाही ते पाहून, एका तेजस्वी ताऱ्यावर उपकरणाची परीक्षा घ्यावयाची.

चौथा प्रश्न फटीचा. उपकरणाच्या तोंडाशी बारीक फट असते, तिच्यातून ताऱ्याचा प्रकाश आत जातो. फट रुंद ठेवली तर प्रकाश भरपूर, परंतु रेषा एकमेकींत मिसळतात. अरुंद ठेवली तर रेषा स्पष्ट, परंतु अर्धा प्रकाश बाहेर सांडतो. आम्ही म्हटले, ही तर खारबांधाची उघाडी झाली! फार उघडली तर गाळ, कमी उघडली तर आगर कोरडे. तिने ते वाक्य वहीच्या समासात लिहून ठेवले. आमचे एवढे एकच योगदान त्या वहीत आहे.

मग प्रकाश किती वेळ साठवावयाचा? येथील हिशेब कडक आहे. वर्णपटाची स्पष्टता दुप्पट हवी असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो. पाच मिनिटांचे काम वीस मिनिटांवर जाते. मंद ताऱ्यावर लोभ केला तर तीन तेजस्वी तारे हातचे जातात. शिवाय तीस मिनिटे एकदम न घेता दहा-दहा मिनिटांचे तीन भाग घ्यावयाचे, कारण अंतराळातून येणारे कण प्रकाश टिपणाऱ्या पटलावर मध्येच डाग पाडतात. तीन चित्रे ताडून पाहिली म्हणजे डाग कोणता व रेषा कोणती हे कळते. तीन साक्षीदारांची जबानी म्हणा ना.

आणि शेवटचा भाग, जो तिने लाल शाईने लिहिला होता, तो दिव्यांचा. ताऱ्याच्या रेषा कोणत्या तरंगलांबीवर आहेत हे ठरविण्यास मोजपट्टी लागते. ती मोजपट्टी म्हणजे निऑनसारख्या वायूचा दिवा, ज्याच्या रेषा आधीच ठाऊक आहेत. दुर्बीण वळली की तिच्यास जोडलेले उपकरण किंचित वाकते, म्हणून प्रत्येक ताऱ्यानंतर, दुर्बीण न हलविता, दिव्याचे चित्र घ्यावयाचे. यात वेळ जातो, झोप आलेली असते आणि माणूस नेमके हेच टाळतो. वहीच्या प्रत्येक ओळीपुढे तिने ‘दिवा’ हा शब्द लिहिला होता. चौदा ओळी, चौदा वेळा ‘दिवा’.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? त्यास उत्तर म्हणून आपल्याच प्रांतातील एक जुनी हकीकत सांगतो. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणपट्टीवरून आत शिरून सोलापूर व वऱ्हाडच्या बाजूने गेली. विजयदुर्गावर इंग्लंडहून सर नॉर्मन लॉकियर आले होते. लॉकियरने १८६८ साली विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती बरोबर नाही. १८६८ साली ते इंग्लंडातच होते आणि सूर्याच्या कडेची ती नवी पिवळी रेषा त्यांनी तेथूनच, ग्रहण नसताना पाहिली. सोडियमच्या जोडीजवळची, पण तिच्याशी न जुळणारी! विजयदुर्गास ते आले तीस वर्षांनी. किल्ल्याचा मान यामुळे कमी होत नाही, परंतु मुलांस खरे तेच सांगावे. तर, तेथे ग्रहणाची खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यासाठी लॉकियरनी ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी यांच्याकडून आधी दिवसच्या दिवस तालीम करून घेतली. कोणी कोणती काच सरकवावयाची, कोणी सेकंद मोजावयाचे, सारे ठरलेले.

त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हे ठाण मांडून बसले होते. सूर्य पूर्ण झाकला जाण्याच्या क्षणी काळ्या रेषा एकाएकी उजळतात, त्या काही सेकंदांपुरत्या. तो क्षणिक वर्णपट त्यांनी छायाचित्रात पकडला. हे नायगमवाला थोर पुरुष. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून त्यांनी १८८८ साली पुण्यात वेधशाळा उभी केली. तिची वीस इंची दुर्बीण त्या वेळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटाचे वेध घेऊन त्यांनी खुद्द लॉकियरसाहेबांच्या एका सिद्धांताविरुद्ध पुरावा मांडला. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळा मोडण्यात आली. दुर्बीण व इतर सामग्री कोडाईकनालला गेली. पुण्याच्या आसमंतात पुन्हा मोठी दुर्बीण यावयास २००६ साल उजाडावे लागले. ही चौऱ्याण्णव वर्षे कशामुळे गेली, याचा विचार आम्ही पुष्कळदा करतो. दुर्बीण होती, पैसा मिळाला होता, नाव झाले होते. मागे उभी राहणारी माणसे नव्हती.

असो. ३० तारखेची रात्र कशी गेली? रात्री अकराच्या सुमारास पातळ ढगांचा पडदा आला. गुच्छातील चार तारे व्हावयाचे राहिले होते. अशा वेळी घाबरून नुसते बसून राहणे किंवा वाटेल त्या ताऱ्याकडे दुर्बीण वळविणे, या दोन चुका होतात म्हणे. तिच्या वहीच्या मागील पानावर ढगांसाठी वेगळी यादी होती. पातळ ढगांतून ताऱ्याचे तेज किती हे नक्की सांगता येत नाही, परंतु रेषेचा आकार बिघडत नाही. म्हणून ज्यांच्या केवळ रेषेचा आकार हवा असे तेजस्वी तारे तिने राखून ठेवले होते. त्यांत कृत्तिकांमधील प्लायोनी हा एक. त्याच्या तबकडीचे रंगरूप दशकांच्या अवधीत पालटते. साडेबारा वाजता कृत्तिका, एकच्या पुढे ढग विरळ झाले तेव्हा पुन्हा गुच्छ, तोपर्यंत तो बराच कलला होता. चारांपैकी दोन तारे साधले, दोन गेले ते गेलेच. पहाटे साडेपाचला शेवटचा ‘दिवा’ घेऊन तिने आम्हांस दूरध्वनी केला. चौदांपैकी बारा. गणिताच्या शिक्षकास हे गुण पुरेसे वाटले.

आज ती मुलगी महाविद्यालयात शिकविते व आपल्या विद्यार्थ्यांकडून असे आराखडे करवून घेते. लग्नही झाले, जावई समजूतदार मिळाला. ही बातमी विचारणाऱ्या भगिनींसाठी.

आता कामाचे बोलतो. १९७० पासून आपल्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली याच परिसरात आंदोलन झाले, पाच जणांचे प्राण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा मार्ग झाला. त्या मोबदल्याच्या पैशांतून अनेकांनी घरे बांधली, काहींनी गाड्या घेतल्या. आम्ही कोणास नावे ठेवीत नाही, आमचेही घर त्यातूनच झाले. त्याच पैशांच्या वर्गणीतून आपला शिक्षणनिधी उभा राहिला. त्या निधीच्या नियमात वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा व हिशेबतपासणी एवढीच नावे लिहिली आहेत. नियम करणाऱ्यांत आम्ही स्वतः होतो. शुद्ध विज्ञान त्यात लिहावयाचे आम्हांसही सुचले नाही. त्यामुळे २०१२ साली आमच्या नातीचा अर्ज आमच्याच सहीच्या नियमाने परत गेला. तिच्या आईने बांगड्या मोडल्या म्हणून तिचे शिक्षण पुरे झाले.

यंदा तसेच दोन अर्ज आले आहेत. एक मुलगी पदार्थविज्ञानासाठी पुण्यास जाऊ इच्छिते, एक मुलगा रसायनशास्त्रासाठी. नियमात ‘मूलभूत विज्ञान’ हे दोन शब्द घालावेत आणि मुलींच्या परगावी राहण्याचा खर्च त्यात धरावा, अशी सूचना आम्ही लेखी दिली आहे. दुपारच्या बैठकीत ती येईल. विरोधात बोलणाऱ्यांचे म्हणणेही ऐकू. आम्ही एके काळी तेच बोलत होतो, तेव्हा त्यांचे मुद्दे आम्हांस तोंडपाठ आहेत.

शेवटी एक खंत. बंदर १९८९ साली सुरू झाले, सागरी सेतू २०२४ साली खुला झाला आणि त्याचा एक मार्ग जासईस उतरतो, विमानतळही आला. आपल्या अंगणातून तो जोडगुच्छ आता दिसत नाही. पिवळे दिवे होते तोवर त्यांचा प्रकाश वर्णपटाच्या ठरावीक भागात तरी असे. हल्लीचे पांढरे दिवे सगळ्याच रंगांवर पसरतात. ग्रामपंचायतीने निदान शाळेच्या मैदानाभोवतालच्या दिव्यांस वरून झाकणे बसवावीत, म्हणजे उजेड जमिनीवर पडेल, आकाशात जाणार नाही. खर्च थोडा आहे. आम्ही अर्ज केला आहे, उत्तराची वाट पाहतो आहोत.

नातीची ती वही आज आम्ही सोबत आणली आहे. भोजनाची पंगत बसण्यास अजून अर्धा तास आहे. ज्या विद्यार्थ्यांस पाहावयाची असेल त्यांनी व्यासपीठाच्या उजव्या बाजूस यावे. पाने जपून उलटावीत, मागील पानावरची यादी पेन्सिलीने लिहिलेली असून पुसट झाली आहे.